आपल्या गावात एसटी सुरू करून घेताना, आणि सुरू झालेली टिकवताना

गावाला एसटी हवी असली की पहिलं पत्र आमदारांना जातं आणि दुसरं वर्तमानपत्राला. मजकूर दोन्हीकडे सारखाच असतो: गावाला गाडी नाही, विद्यार्थ्यांचे हाल होतात, त्वरित गाडी सुरू करावी. यातला शब्द न् शब्द खरा असतो, तरी पत्र आगारात येऊन पडून राहतं. गाडी किती वाजता हवी, कुठून कुठे, रोज किती माणसं बसणार, गाडी कुठे वळणार, मुक्कामी असेल तर चालक-वाहक कुठे झोपणार, यातलं एकही उत्तर आगार व्यवस्थापकाला त्या पत्रात सापडत नाही. ही उत्तरं गावानंच काढून हातात दिली, तर अर्ज नाकारायला कारण शोधावं लागतं. पुढची सगळी खटपट त्या उत्तरांसाठी आहे.

आगारात फेरी ठरते कशी

एसटी महामंडळाचे राज्यात ३१ विभाग आहेत आणि त्यांच्या हाताखाली अडीचशेच्या आसपास आगारं. विभागाचे प्रमुख विभाग नियंत्रक, वेळापत्रकाचं काम पाहणारे विभागीय वाहतूक अधिकारी, आणि तालुक्याच्या ठिकाणी आगार व्यवस्थापक. स्टँडवरच्या खिडकीत बसणारे ते वाहतूक नियंत्रक. गावाचा पहिला अर्ज आगार व्यवस्थापकांकडेच द्यायचा. विभाग नियंत्रकांना थेट लिहिलं, तरी ते पत्र अहवालासाठी पुन्हा त्याच आगारात येतं.

आगारात सुटी फेरी अशी नसतेच. एक गाडी, एक चालक, एक वाहक यांचा दिवसभराचा कार्यक्रम आखलेला असतो. त्याला तिथे नियत म्हणतात. सकाळी सहाला एका गावाला जाऊन ये, मग दुसऱ्या, मग जिल्ह्याला एक फेरी, संध्याकाळी परत. तुमच्या गावाची फेरी अशा कुठल्या तरी नियतात बसवावी लागते. नवीन नियत काढायचं म्हणजे नवीन गाडी आणि नवीन माणसं, आणि या दोन्हींची आगारात कायम ओढाताण असते. म्हणून मागणी करताना सर्वात स्वस्त मार्ग आधी मागा.

सर्वात स्वस्त म्हणजे चालू फेरी पुढे वाढवून घेणं. शेजारच्या गावापर्यंत गाडी येते आणि तिथून तुमचं गाव चार किलोमीटर आहे, तर जाऊन-येऊन आठ किलोमीटर वाढतात. गावाकडच्या रस्त्यावर एसटीचा सरासरी वेग ताशी २५ ते ३० किलोमीटर धरावा, म्हणजे चढउतारासह वीस मिनिटं. ही वीस मिनिटं नियतात कुठून येणार, ते तुम्हीच दाखवायचं. शेवटच्या गावात आठवडाभर वही घेऊन थांबा आणि गाडी येते किती वाजता, सुटते किती वाजता हे लिहा. ती तिथे रोज पंचवीस मिनिटं उभी राहते असं दिसलं, तर पुढच्या एकाही फेरीला धक्का न लावता तुमचं गाव जोडता येतं.

दुसरा मार्ग म्हणजे चालू फेरी तुमच्या गावावरून, म्हणजे ‘मार्गे’ वळवणं. यात मधल्या गावांचा विरोध येतो, कारण त्यांची गाडी उशिरा पोचते किंवा त्यांचा फाटाच सुटतो. अशा वेळी त्या गावांच्या ग्रामपंचायतींची ना-हरकत आधी घ्या, नाहीतर तुमची गाडी सुरू झाल्याच्या आठवड्यात त्यांचं निवेदन पोचतं आणि दोन्ही गावं भांडत बसतात. संपूर्ण नवी फेरी हा तिसरा आणि सर्वात अवघड मार्ग. दोन-तीन गावं एका रस्त्यावर असतील तर ती सगळ्यांनी मिळून मागावी.

माणसं मोजणं

“गावाची लोकसंख्या अठराशे आहे” या वाक्याचा आगाराला उपयोग नाही. अठराशेतले रोज बाहेर जाणारे किती, हे लागतं. त्यासाठी फाट्यावर तीन दिवस मोजणी करा: एक सोमवार, एक मधला साधा दिवस आणि तालुक्याच्या आठवडी बाजाराचा दिवस. सकाळी सहा ते रात्री आठ. दोन-दोन तासांच्या पाळ्या लावल्या तर कॉलेजची मुलं हे काम नीट करतात. वहीत रकाने पाच: वेळ, किती माणसं, कुठे चालली, कशानं चालली (वडाप म्हणजे खासगी जीप, दुचाकी, पायी, ट्रॅक्टर), आणि विद्यार्थी, महिला, ज्येष्ठ यांपैकी कोण. परतीचीही अशीच मोजणी हवी. बहुतेक गावं सकाळची मोजतात आणि संध्याकाळची विसरतात. मग सकाळची गाडी मिळते आणि मुलं परत येतात वडापनं.

विद्यार्थ्यांचा आकडा शाळेकडून लेखी घ्या. मुख्याध्यापकांच्या लेटरहेडवर इयत्तावार मुलं-मुली किती, शाळा भरते कधी, सुटते कधी. शनिवारची वेळ वेगळी लिहून घ्या. शनिवारी सकाळची शाळा असते आणि गाडी मात्र रोजच्याच वेळेला येते. ही चूक इतकी सर्रास होते की बऱ्याच गावांत मुलं शनिवारी शाळेला जातच नाहीत आणि त्याचं कारण कुणी एसटीशी जोडत नाही. कॉलेजचं पत्र घेताना प्रात्यक्षिकं किती वाजता संपतात हेही लिहून घ्या.

मग भारमानाचा हिशेब. आगारात एखादी फेरी चांगली की वाईट हे भारमानावर ठरतं, आणि भारमान म्हणजे गाडीत दिसणारी डोकी नव्हेत, तर सगळी आसनं मिळून जितके किलोमीटर धावली त्यांतले किती टक्के भरून धावली ते. ढोबळ हिशेब असा: गाव तालुक्यापासून २४ किलोमीटर, गाडी ४४ आसनांची. पूर्ण भरून गेली तर ४४ गुणिले २४, म्हणजे १,०५६. तीस माणसं शेवटपर्यंत गेली तर ३० गुणिले २४, म्हणजे ७२०; भारमान ६८ टक्के. पण त्याच तिसांपैकी वीस जण १२ किलोमीटरवर उतरले, तर १० गुणिले २४ अधिक २० गुणिले १२, म्हणजे ४८०. भारमान ४५ टक्के. गाडी गावातून निघताना दोन्ही वेळा सारखीच भरलेली दिसते. म्हणून मोजणीत ‘कुठे चालली’ हा रकाना सोडायचा नाही, आणि मधल्या गावांतून चढणारी माणसंही मोजायची. पहिल्या बारा किलोमीटरवर रिकामी झालेली आसनं पुढच्या गावांतून भरत असतील तर ते अर्जात ठळक लिहा.

रस्ता आणि वळण

साधी एसटी ११ ते १२ मीटर लांब आणि साधारण २.६ मीटर रुंद असते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतल्या रस्त्याची डांबरी पट्टी बहुधा ३.७५ मीटर असते. म्हणजे समोरून ट्रॅक्टर आला की कुणीतरी साईडपट्टीवर उतरणारच. डांबर गुळगुळीत आहे आणि साईडपट्टी एक वीत खोल खचली आहे, असा रस्ता कारला चालतो, एसटीला नाही. पावसाळ्यात चाक खाली उतरलं की गाडी कलते. साईडपट्टीवर मुरूम टाकून दाबून घेणं हे ग्रामपंचायतीला जमण्यासारखं काम आहे.

रस्ता कुणाचा आहे ते आधी शोधा: सार्वजनिक बांधकाम विभागाचा, जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचा, की ग्रामसडक योजनेचा. त्या कार्यालयाच्या उपअभियंत्यांकडून ‘रस्ता व मोऱ्या प्रवासी बस वाहतुकीस योग्य आहेत’ असं पत्र घेऊन अर्जाला जोडलंत, तर एक मोठा हेलपाटा वाचतो. जुन्या मोरीबद्दल खास विचारा, कारण भरलेली एसटी १५-१६ टनांपर्यंत जाते.

गावानं स्वतः पाहायच्या गोष्टी अशा. रस्त्यावर आलेल्या बाभळीच्या फांद्या साडेचार मीटरपर्यंत छाटलेल्या हव्यात. वीजवाहिनी रस्ता ओलांडते तिथली कमी दाबाची तार किमान ५.८ मीटर उंच असावी लागते; झोळ आला असेल तर महावितरणच्या शाखा कार्यालयात लेखी द्या. केबलच्या आणि इंटरनेटच्या वायरी त्याहून जास्त त्रास देतात, कारण त्या कुणीही कशाही बांधलेल्या असतात. गावानं हौसेनं केलेले उंच गतिरोधक पाहा. एसटीचा मागचा भाग चाकांच्या बराच बाहेर असतो, तो अशा गतिरोधकावर घासतो आणि चालक त्या रस्त्याला नावं ठेवायला लागतो.

वळणाची जागा हा अर्ज अडण्याचा सर्वात मोठा मुद्दा. एकदाच स्टिअरिंग मारून गाडी फिरवायची तर २५ मीटर लांब-रुंद मोकळी जागा लागते. तेवढी नसेल तर देवळाला किंवा शाळेच्या मैदानाला वळसा घालून बाहेर पडता येतं का बघा. तेही नसेल तर टी आकाराचं वळण: मुख्य रस्त्याला लागून किमान १५ मीटर खोल आणि ५ मीटर रुंद पट्टी, जिथे गाडी मागे घेता येईल. मागे घेण्याची जागा शाळेच्या फाटकासमोर नको. सकाळच्या गर्दीत मुलं गाडीमागे असतात. जागा गायरानाची असेल तर ग्रामपंचायतीच्या ठरावात तिची मापं आणि ‘ती एसटीच्या वळणासाठी कायम मोकळी ठेवली जाईल’ असा उल्लेख घाला. हे वाक्य पुढे फार उपयोगी पडतं. सुरू झालेल्या गाड्या बंद पडण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे वळणाच्या जागेवर रचलेला सरपणाचा ढीग, शेणखत, नाहीतर लग्नाचा मांडव. मांडव एका दिवसाचा असतो, पण त्या दिवशी गाडी अलीकडच्या गावातून परत जाते, दुसऱ्या दिवशीही तिथूनच जाते, आणि आठवड्यात ती सवय होते.

रस्त्याची कच्ची परीक्षा घ्यायची तर खडीनं भरलेला सहाचाकी ट्रक गावात येऊन वळतो का ते पाहा. तो अडला तर एसटी अडणारच. तो आला तर बहुधा येईल, पण बसची लांबी जास्त असल्यानं काटकोनी वळणं तेवढी टेपनं मोजून घ्या.

वेळ मागताना

“सकाळी आणि संध्याकाळी” असं लिहू नका. मिनिटं लिहा, आणि ती उलट्या बाजूनं काढा. शाळा साडेदहाला भरते. स्टँडपासून शाळा दहा मिनिटं चालत. २४ किलोमीटरला पन्नास मिनिटं. दहा-पंधरा मिनिटं हाताशी. म्हणजे गावातून सव्वानऊ. परतीला शाळा पाचला सुटते तर ५.२० ला स्टँडवरून गाडी हवी. ५.०५ ची दिलीत तर रोज निम्मी मुलं चुकतील, आणि सव्वासहाची दिलीत तर मुली तासभर स्टँडवर बसतील आणि डिसेंबरात अंधारात उतरतील. ही पंधरा मिनिटं इकडे-तिकडे झाल्यानं मुलींची शाळा सुटते, म्हणून वेळेसाठी हट्ट धरा. बाकी कशात थोडं मागेपुढे झालं तरी चालेल.

ग्रामीण रुग्णालयाची सकाळची ओपीडी, तहसील कार्यालय आणि बँक ही कामं त्याच सव्वानऊच्या गाडीत बसतात. बाजाराच्या दिवशी मात्र दुपारी दीड-दोनची एक परतीची फेरी वेगळी मागा. डोक्यावर पाटी घेऊन आलेल्या बाईला पाचपर्यंत थांबवणं बरोबर नाही, आणि त्या दिवशी गाडी भरतेही.

रविवारी विद्यार्थी नसतात. मोजणीत रविवार रिकामा दिसला तर ‘रविवार वगळून’ असं स्वतःहूनच लिहा. आगाराचे किलोमीटर वाचतात आणि अर्जाचं वजन वाढतं.

मुक्कामी गाडी

रात्री गावात थांबून पहाटे सुटणारी गाडी दूध, भाजी, दवाखाना आणि लांबच्या गाड्या पकडणाऱ्यांसाठी सर्वात मोलाची. आगारालाही ती परवडते, कारण रात्री रिकामी परत जाणारी आणि पहाटे रिकामी येणारी फेरी वाचते. अडतं ते चालक-वाहकांच्या सोयीवर. दिवसभर गाडी हाकलेला माणूस थंडीत बाकड्यावर झोपतो आणि पहाटे अंधारात शौचाला जागा शोधतो, अशी अवस्था असेल तर त्या गावाची ड्यूटी घ्यायला कुणी तयार होत नाही, आणि पहाटे ज्याच्या हातात चाळीस जीव आहेत त्याची झोप झालेली नसते.

गावानं द्यायचं ते असं: आतून कडी लागणारी खोली (वाहकाकडे दिवसभराची रोकड असते), दोन खाटा, गाद्या आणि धुतलेली पांघरुणं, पंखा आणि दिवा, मच्छरदाणी, पिण्याचं पाणी, आणि रात्री उघडं असणारं पाण्याचं शौचालय. गाडी उभी राहते तिथे पथदिवा. खोलीची किल्ली कुणाकडे आणि झाडलोट कोण करणार, त्या माणसाचं नाव ठरावात लिहा. ‘गावकरी सोय करतील’ असं मोघम लिहिलं की महिन्याभरात कुणीच करत नाही.

अर्ज, पोच आणि पाठपुरावा

ग्रामपंचायतीच्या मासिक सभेचा ठराव चालतो. ग्रामसभेचा असेल तर अधिक चांगला. ठरावाची प्रत सरपंच आणि ग्रामसेवक (आताचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) यांच्या सही-शिक्क्याची हवी. अर्ज एका पानाचा ठेवा. नमुना:

‘प्रति, आगार व्यवस्थापक, (आगाराचे नाव). विषय: (चालू फेरीचे नाव व सुटण्याची वेळ) ही फेरी (गाव) पर्यंत ४ किमी वाढवून मिळण्याबाबत. महोदय, सदर फेरी सध्या (शेजारचे गाव) येथे स. ८.४० वाजता पोहोचते व ९.०५ वाजता परत सुटते. सात दिवसांची नोंद सोबत जोडली आहे. ती पुढे आमच्या गावापर्यंत आल्यास पुढील नियोजनात बदल करावा लागणार नाही. गावातून या वेळी रोज सरासरी (संख्या) प्रवासी तालुक्याला जातात. त्यांपैकी (संख्या) विद्यार्थी आहेत. वळणासाठी गट क्रमांक (…) मधील २५ × २५ मीटर जागा उपलब्ध आहे. रस्ता बस वाहतुकीस योग्य असल्याचे उपअभियंत्यांचे पत्र जोडले आहे. कृपया मार्गाची पाहणी करून फेरी प्रायोगिक तत्त्वावर सुरू करावी. सोबत: ठराव, प्रवासी मोजणी, शाळेचे पत्र, रस्त्याचे पत्र, वळणाच्या जागेचा नकाशा व छायाचित्रे.’

प्रती विभाग नियंत्रक आणि विभागीय वाहतूक अधिकारी यांना. आमदारांनाही एक द्या, पण जोडपत्रांसकट. शिफारस करणाऱ्यालाही हातात काहीतरी लागतं. तुमचा तालुका राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातल्या (मागास तालुक्यांसाठीच्या) १२५ तालुक्यांत असेल तर आठवी ते बारावीच्या मुलींची संख्या अर्जात वेगळी लिहा. शाळकरी मुलींसाठीच्या निळ्या गाड्या याच तालुक्यांत आहेत.

अर्ज दिल्यावर आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. आवक क्रमांक नसलेलं पत्र पुढे कुणालाच सापडत नाही. पंधरा दिवसांनी तोच क्रमांक घेऊन जा. जुलै २०२४ पासून विभाग नियंत्रक ठरावीक दिवशी आगारात येऊन प्रवाशांचं ऐकतात, त्याला ‘प्रवासी राजा दिन’ म्हणतात. तारीख आगारात चौकशी करून घ्या आणि त्या दिवशी दोघं-तिघंच जा. पन्नास जणांच्या गर्दीत आकडे मांडता येत नाहीत.

पाहणीला अधिकारी येतील तेव्हा सरपंच, मुख्याध्यापक आणि रस्ता माहीत असलेला एखादा ट्रॅक्टरवाला असे तिघे हजर हवेत. आदल्या दिवशी फांद्या छाटा, वळणाच्या जागेला चुन्यानं आखून घ्या.

पहिला महिना

फेरी प्रायोगिक तत्त्वावर सुरू होते, आणि पहिल्या महिन्याच्या आकड्यांवर ती राहणार की जाणार हे ठरतं. दवंडी द्या, ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर सांगा, वेळेचा फलक पिठाच्या गिरणीत, दूध डेअरीत, शाळेत आणि देवळात लावा. फलकावर परतीची वेळही लिहा. गाडी कधी परत येते हे माहीत नसलेला माणूस जातानाही एसटीत बसत नाही.

वडापवाले गावातलेच असतात, त्यांचंही पोट त्यावर आहे, म्हणून भांडण नको. पण एसटीच्या दहा मिनिटं आधी जीप फाट्यावर लागते आणि एसटी रिकामी जाते, हे महिनाभर झालं तर एसटी जाते, आणि नंतर जीप भरल्याशिवाय सुटत नाही. जीपवाल्यांशी बसून बोला: एसटीच्या आधीची वीस मिनिटं त्यांनी सोडायची, बाकी दिवस त्यांचा. अनेकदा ते ऐकतात, कारण एसटीच्या वेळा दिवसातून दोन-तीनच असतात.

आता सर्वात महत्त्वाची गोष्ट: तिकीट. वाहकाच्या हातातल्या मशीनवर जी नोंद होते, तेवढंच गाव आगाराला दिसतं. ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. तरीही त्यांनी शून्य रुपयांचं तिकीट मागून घ्यायचंच. महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या पुरुषांनाही अर्धं. या सवलतींची रक्कम राज्य सरकार महामंडळाला भरून देतं, म्हणून सवलतीचं तिकीट हे फेरीचं उत्पन्नच असतं. “आजोबांना कशाला तिकीट, बसा” असं वाहक मायेनं म्हणाला तरी तिकीट घ्या. गावातले रोजचे बारा म्हातारे नोंदीबाहेर राहिले तर फेरी बारा प्रवाशांनी गरीब दिसते. सुट्टे पैसे नाहीत म्हणून अलीकडच्या टप्प्याचं तिकीट घेऊन पुढे उतरणं हेही तसंच. टप्पा सहा किलोमीटरचा असतो. एक टप्पा चोरला की भारमानही तेवढं उतरतं, आणि तपासणी पथक आलं तर दंड वेगळा.

ज्येष्ठांनी वयाचा पुरावा जवळ ठेवावा: आधार, पॅन, मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवाना. ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट, त्याखालच्यांना तिकीटच नाही. निपाणी-बेळगाव किंवा गोव्याकडे जाणाऱ्या गाडीत या सवलती राज्याच्या हद्दीपर्यंतच चालतात, पुढचं पूर्ण भाडं पडतं. सीमेवरच्या गावांत यावरून वाहकाशी वाद होतात; वाहक चुकत नसतो.

विद्यार्थी मात्र पासवर असतात, त्यामुळे फेरीच्या रोख तिकिटांत ते उठून दिसत नाहीत. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत आहे, आणि इतर विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत, म्हणजे एक तृतीयांश रक्कम भरायची. या मार्गावरच्या सगळ्या पासधारकांची यादी शाळेकडून करून घ्या आणि महिनाअखेरीस आगारात द्या. अलीकडे पास शाळेतच वाटले जातात. मुख्याध्यापकांनी शाळा उघडण्याआधी यादी पाठवली तर पहिल्या आठवड्याची रांग वाचते. रोज कामाला जाणाऱ्या मोठ्यांसाठी मासिक पास २० दिवसांच्या भाड्यात ३० दिवस चालतो आणि त्रैमासिक ५० दिवसांच्या भाड्यात ९० दिवस. हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं आणि ते रोज सुटे पैसे शोधत बसतात.

फेरी चुकायला लागली की

एखादा दिवस गाडी आली नाही तर ओरडू नका, लिहा. वही एका जागी ठेवा, शक्यतो फाट्यावरच्या दुकानात: तारीख, ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ, गाडीचा नंबर, आली नाही तर कारण. कारण वाहतूक नियंत्रकांना फोन करून विचारा आणि त्यांचं उत्तर जसंच्या तसं लिहा, कारण प्रत्येक कारणाचा इलाज वेगळा आहे.

‘गाडी नाही’ हे उत्तर आषाढी वारी, कोकणातला गणपती, मोठी जत्रा, निवडणूक किंवा लग्नसराईच्या प्रासंगिक करारांच्या (म्हणजे भाड्यानं दिलेल्या गाड्यांच्या) दिवसांत येत असेल, तर ते त्या दिवसांपुरतंच आहे. अशा दिवसांआधी पंधरा दिवस पत्र द्या की परीक्षा चालू आहेत, निदान शाळेच्या दोन फेऱ्या तोडू नयेत. ‘चालक नाही’ हे उत्तर महिन्यातून चार-पाचदा आलं तर तुमची फेरी त्या आगारात सर्वात आधी कापायच्या यादीत आहे असं समजा, आणि वहीची प्रत घेऊन विभागात जा. ‘आधीची फेरी उशिरा आली’ असेल तर गाडी ज्या नियतात आहे तेच बदलून मागा. जिल्ह्याहून घाट उतरून येणाऱ्या गाडीला तुमची शाळेची वेळ बांधलेली असेल, तर ती आठवड्यातून दोनदा चुकणारच. ‘रस्ता खराब’ हे उत्तर असेल तर धावपळ बांधकाम विभागाकडे करायची, आगाराकडे नाही.

फरशी पुलावर पाणी असताना चालकानं गाडी घालायची नाही, आणि गावानं त्याला भरीस पाडायचं नाही. त्याऐवजी पावसाळ्याआधीच लेखी घ्या की पाणी असेल त्या दिवशी गाडी अलीकडच्या अमुक फाट्यापर्यंत येईल. नाहीतर ती तालुक्यातूनच सुटत नाही.

वहीवर भागलं नाही तर माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. विचारायचं एवढंच: ‘१ जून ते ३१ ऑगस्ट या काळात अमुक फेरीच्या नियोजित, झालेल्या व रद्द फेऱ्या तारीखवार, रद्द होण्याचे कारण, तारीखवार उत्पन्न व भारमान.’ ‘का बंद केली’ असं विचारू नका. का या प्रश्नाला माहिती नसल्याचं उत्तर येतं. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, त्याला २० रुपयांचं तिकीट. आलेले आकडे तुमच्या वहीशी लावून पाहा. रद्द फेऱ्यांचे दिवस वगळले तर भारमान चांगलं आहे, असं बऱ्याचदा निघतं, आणि तोच कागद पुढच्या बैठकीत कामी येतो.

वर्षातून एकदा करायचं काम

शाळेसाठी सुरू झालेल्या फेऱ्या उन्हाळ्याच्या सुट्टीत थांबतात. जूनमध्ये त्या आपोआप सुरू होतील असं धरून बसलेली गावं जुलैपर्यंत थांबतात. मेच्या तिसऱ्या आठवड्यात आगाराला पत्र द्या: शाळा उघडण्याची तारीख (विदर्भात ती बाकी राज्यापेक्षा उशिराची असते), बदललेली शाळेची वेळ, या वर्षीची विद्यार्थीसंख्या. दिवाळीच्या सुट्टीनंतरही हेच, एका ओळीचं पत्र पुरतं. त्याच सुमारास फांद्या, साईडपट्टी आणि वळणाची जागा पुन्हा एकदा पाहून घ्या.

सगळे कागद एका फायलीत ठेवा: ठराव, पोच असलेला अर्ज, मोजणी, शाळेची पत्रं, उपअभियंत्यांचं पत्र, फेरी सुरू झाल्याचं पत्र, वही, पासधारकांच्या याद्या. फाइल सरपंचांच्या घरी ठेवू नका; निवडणूक झाली की ती तिथेच राहते. ग्रामपंचायतीच्या कपाटात एक संच आणि शाळेत दुसरा.